मध्यवर्ती श्वसनमार्गाचा अवरोध

मध्यवर्ती श्वसनमार्गाचा अवरोध म्हणजे श्वासनलिका किंवा तिच्यापासून निघणाऱ्या उजव्या व डाव्या मुख्य श्वसनी यांमधील हवेची वाट अरुंद होणे अथवा बंद पडणे. हा एक स्वतंत्र आजार नसून अनेक आजारांचा, इजांचा आणि कधीकधी उपचारांचाही परिणाम असतो. कर्करोगाची गाठ, क्षयरोगामुळे आलेला आकस, दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिल्यानंतर उरलेला वण, श्वासाबरोबर आत गेलेली वस्तू आणि बाहेरून दाबणारी थायरॉइडची गाठ ही त्याची प्रमुख कारणे होत. फुप्फुसात खोलवर असलेली एखादी लहान श्वसनिका बंद पडली, तर शेजारच्या शाखा तिचे काम काही प्रमाणात सांभाळतात. श्वासनलिका मात्र एकच असते व तिला पर्याय नसतो. म्हणूनच तिच्यातील अवरोध जिवावर बेतू शकतो. अवरोध वेळीच ओळखला गेल्यास तो बहुधा पूर्णतः किंवा अंशतः दूर करता येतो. त्याचे निदान लांबण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे त्याची लक्षणे दम्यासारखी दिसणे हे होय.

शरीररचना

श्वासनलिका स्वरयंत्राच्या खाली सुरू होते. प्रौढ व्यक्तीत तिची लांबी सुमारे १० ते १२ सेंटीमीटर असते व अंतर्व्यास साधारणतः १५ ते २० मिलिमीटर असतो. स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा काहीसा कमी असतो. तिच्या भिंतीत घोड्याच्या नालाच्या आकाराच्या १६ ते २० कूर्चा असतात. त्यांच्यामुळे श्वास आत घेताना नलिका मिटत नाही. या कूर्चांची उघडी बाजू पाठीमागे असून ती स्नायू व पातळ पटल यांनी बंद झालेली असते. या पटलाला लागूनच अन्ननलिका असल्याने अन्ननलिकेचा कर्करोग श्वासनलिकेत सहज शिरू शकतो.

छातीच्या मध्यभागी श्वासनलिका दोन मुख्य श्वसनींत विभागते. उजवी मुख्य श्वसनी आखूड, रुंद व अधिक सरळ खाली उतरणारी असते. डावी सुमारे ५ सेंटीमीटर लांब असून महारोहिणीच्या कमानीखालून तिरपी जाते. श्वासाबरोबर आत गेलेल्या वस्तू उजव्या बाजूस अधिक अडकतात त्याचे कारण हीच रचना होय. स्वरयंत्राच्या लगेच खाली, पहिल्या कूर्चेच्या वर असलेला भाग संपूर्ण वलयाने वेढलेला असल्यामुळे तेथे सूज आल्यास तिला पसरायला जागा मिळत नाही व वाट चटकन अरुंद होते.

अवरोधाचा श्वसनावर होणारा परिणाम

नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाला किंवा वायूला होणारा रोध हा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. हा नियम फ्रेंच वैद्य व भौतिकशास्त्रज्ञ झाँ पॉझॉय (१७९७–१८६९) यांच्या नावाने ओळखला जातो. त्यानुसार नळीचा व्यास निम्मा झाला की रोध १६ पट होतो. अरुंद जागेतून हवा जोराने जाऊ लागली की प्रवाहात भोवरे उत्पन्न होतात आणि रोध याहूनही अधिक वाढतो.

या नियमावरून या विकाराची दोन वैशिष्ट्ये उलगडतात. पहिले असे की, अवरोध बराच वाढेपर्यंत रुग्णाला फारसा त्रास जाणवत नाही. सर्वसाधारणपणे श्वासनलिकेचा व्यास ८ मिलिमीटरहून कमी झाल्यावर श्रम करताना धाप लागते. तो ५ मिलिमीटरहून कमी झाल्यावर स्वस्थ बसले असतानाही श्वास लागतो. दुसरे असे की, या टप्प्यावर आलेल्या रुग्णाची प्रकृती अत्यंत थोड्या कारणाने एकाएकी ढासळते. १६ मिलिमीटर व्यासाच्या निरोगी श्वासनलिकेत सर्व बाजूंनी १ मिलिमीटर जाडीचा कफ साठला, तर रोध पावणेदोन पटींच्या आतच राहतो. तेवढाच कफ ५ मिलिमीटर व्यासाच्या वाटेत साठला, तर रोध साडेसात पटींहून अधिक वाढतो. ‘कालपर्यंत हिंडत-फिरत होते, साध्या सर्दीने इतके कसे झाले?’ असे रुग्णाचे नातेवाईक विचारतात, त्याचे उत्तर या गणितात असते. नवजात अर्भकाची श्वासनलिका सुमारे ४ मिलिमीटर व्यासाची असल्याने लहान मुलांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा असतो.

वर्गीकरण

अवरोधाचे स्थूलमानाने तीन प्रकार केले जातात.

१. अंतर्गत अवरोध: गाठ, वाढलेले ऊतक, वण, रक्ताची गुठळी किंवा बाहेरची वस्तू नळीच्या पोकळीतच असते.
२. बाह्य अवरोध: नळी आतून निरोगी असते, परंतु बाहेरची गाठ, सुजलेल्या लसीका ग्रंथी किंवा फुगलेली रक्तवाहिनी तिला दाबते.
३. मिश्र अवरोध: वरील दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. कर्करोगात हा प्रकार वारंवार दिसतो.

याखेरीज कूर्चा किंवा मागचे पटल दुर्बळ झाल्याने श्वास सोडताना नळी आत मिटते, अशीही एक अवस्था असते. तिच्यात अवरोध स्थिर नसून श्वासागणिक बदलतो. उपचाराची निवड मुख्यतः या वर्गीकरणावर अवलंबून असल्याने ते महत्त्वाचे ठरते.

कारणे

कर्करोग

प्रौढांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग हे या अवरोधाचे एक मोठे कारण आहे. गाठ मुख्य श्वसनीत वाढते किंवा छातीतील लसीका ग्रंथींमध्ये पसरून श्वसनमार्गाला दाबते. अन्ननलिका व थायरॉइड यांचे कर्करोग लगतच्या श्वासनलिकेत शिरतात, तर मूत्रपिंड, स्तन व मोठे आतडे यांचे कर्करोग रक्तावाटे येऊन श्वसनीच्या आवरणात वाढू शकतात. लसीका ग्रंथींचा कर्करोग छातीच्या मध्यभागी वाढल्यास तो बाहेरून दाब देतो. श्वासनलिकेत मूळ धरणारे कर्करोग विरळ असतात. त्यांपैकी काही अतिशय संथ वाढतात व वर्षानुवर्षे दमा समजून त्यांवर उपचार होत राहतात.

श्वासनलिकेतील नळीमुळे होणारी इजा

अत्यवस्थ रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवताना तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालतात. हवा बाजूने निसटू नये म्हणून नळीच्या टोकाजवळ एक फुगा असतो. या फुग्याचा दाब पाण्याच्या सुमारे ३० सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाइतक्या दाबाहून अधिक झाल्यास श्लेष्मल पटलाच्या केशवाहिन्या दबतात आणि त्या जागेचा रक्तपुरवठा थांबतो. तेथे व्रण होतो, कूर्चा झिजते व जखम भरताना वण आकसून नळी अरुंद होते. ही प्रक्रिया हळूहळू होते. रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याला धाप लागू लागते. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीनंतरही, असा आकस येऊ शकतो. कोविड-१९ च्या साथीत असंख्य रुग्ण दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिल्याने अशा रुग्णांकडे अधिक लक्ष वेधले गेले. भारतातील शेतीप्रधान भागांत सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची विषबाधा झालेल्या रुग्णांना अनेक दिवस व्हेंटिलेटरची गरज पडते. विषबाधेतून वाचलेल्या तरुण रुग्णांमध्ये पुढे श्वासनलिका आकसल्याचे आढळते.

संसर्ग

क्षयरोग हे भारतातील एक महत्त्वाचे कारण आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत. क्षयाचे जंतू श्वसनीच्या आतील पटलात व्रण निर्माण करतात आणि ते भरून येताना श्वसनी आकसते. तरुण स्त्रियांमध्ये हा प्रकार तुलनेने अधिक दिसतो. औषधांनी जंतू नष्ट झाल्यावरही आकस वाढत जाऊ शकतो. त्यामुळे क्षयाचा उपचार पूर्ण झाल्यावर धाप वाढत असेल, तर या शक्यतेचा विचार करावा लागतो. घटसर्पात घशात व श्वासनलिकेत तयार होणारा चिवट पापुद्रा वाट बंद करतो. लसीकरणामुळे हा आजार कमी झाला असला, तरी तो नाहीसा झालेला नाही. म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य रोगातही मोठ्या श्वसनींना बाधा होऊ शकते.

श्वासाबरोबर आत गेलेली वस्तू

एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांमध्ये हे कारण सर्वाधिक आढळते. या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि मूल खाताना हसते, रडते, पळते. भारतात शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी, सुपारीचा तुकडा अशा वस्तू श्वसनमार्गातून काढाव्या लागतात. शेंगदाण्यातील तेलाने आतील पटलाला सूज येते, तर हरभऱ्यासारखा दाणा ओलाव्याने फुगतो. प्रथम आलेला ठसका थांबला की मूल काही काळ बरे वाटते. मग एकाच फुप्फुसात वारंवार न्यूमोनिया होऊ लागतो. त्यामुळे खाताना मूल ठसकले होते का, हा प्रश्न निदानाच्या दृष्टीने मोलाचा असतो.

इतर कारणे

थायरॉइडची गाठ छातीच्या हाडामागे वाढल्यास श्वासनलिका दबते. महारोहिणीचा फुगवटाही असाच दाब देतो. रक्तवाहिन्यांचा दाह करणारे काही विकार, सार्कॉइडोसिस, अमायलॉइडोसिस आणि कूर्चांचा पुनःपुन्हा दाह होणारा विकार यांमध्येही नळी अरुंद होते. स्वरयंत्राखालील भाग कोणत्याही ज्ञात कारणावाचून आकसण्याचा एक विरळ विकार जवळजवळ केवळ स्त्रियांमध्येच आढळतो. काही बालकांमध्ये श्वासनलिकेच्या कूर्चा जन्मतःच पूर्ण वलयाकार असतात किंवा रक्तवाहिनीचा वेढा श्वासनलिकेभोवती पडलेला असतो.

लक्षणे

धाप, खोकला, कफ बाहेर न पडणे, आवाज बसणे, रक्त पडणे आणि एकाच जागी वारंवार होणारा न्यूमोनिया ही मुख्य लक्षणे आहेत. स्वरयंत्राजवळ किंवा श्वासनलिकेच्या वरच्या भागात अवरोध असल्यास श्वास आत घेताना कर्कश, शिटीसारखा आवाज येतो. या आवाजाला स्ट्रायडॉर म्हणतात. तो रुग्ण स्वस्थ असताना ऐकू येणे ही तातडीची अवस्था होय.

दमा आणि मध्यवर्ती अवरोध यांतील फरक पुढीलप्रमाणे सांगता येतो. दम्यात लक्षणे कमी-जास्त होतात. अवरोधात ती बहुधा सतत वाढत जातात. दम्यात घरघर दोन्ही फुप्फुसांत पसरलेली व अनेक सुरांची असते. अवरोधात ती एकसुरी असून गळ्याशी किंवा एकाच बाजूस अधिक ऐकू येते. दम्याचा रुग्ण इनहेलरने सुधारतो. अवरोधाच्या रुग्णाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. प्रौढ वयात प्रथमच ‘दमा’ सुरू झाला असेल आणि पूर्वी रुग्ण व्हेंटिलेटरवर होता किंवा त्याला क्षय झाला होता असा इतिहास असेल, तर श्वासनलिकेची तपासणी करणे आवश्यक ठरते.

निदान

छातीचे साधे क्ष-किरण चित्र अनेकदा निर्दोष दिसते. त्यामुळे केवळ त्यावरून अवरोध नाही असे म्हणता येत नाही. स्पायरोमेट्रीत श्वासाच्या प्रवाहाचा आलेख काढतात. अवरोध स्थिर असल्यास आलेखाचे वरचे व खालचे दोन्ही भाग चपटे होतात. छातीबाहेरील बदलत्या अवरोधात श्वास घेण्याचा भाग चपटा होतो, तर छातीच्या आतील बदलत्या अवरोधात श्वास सोडण्याचा. गंभीर धाप असलेल्या रुग्णाला ही चाचणी करायला लावत नाहीत.

सीटी स्कॅनमुळे अवरोधाची जागा, लांबी, तीव्रता, बाहेरील दाब आणि अवरोधापलीकडील फुप्फुसाची स्थिती कळते. पलीकडचे फुप्फुस कामाचे उरले नसेल, तर वाट मोकळी करूनही लाभ होत नाही.

ब्राँकोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वसनमार्ग आतून पाहणे, ही निर्णायक तपासणी होय. तिच्यात तपासणीसाठी ऊतकाचा तुकडाही घेता येतो. मात्र लवचिक दुर्बीण अरुंद वाटेत शिरल्यावर उरलीसुरली जागाही व्यापते. शिवाय गुंगीच्या औषधाने श्वास मंदावतो. म्हणून तीव्र अवरोधात ही तपासणी पूर्ण तयारीनिशी, अनुभवी चमूच्या हातूनच केली जाते.

तातडीचे व्यवस्थापन

कारण शोधण्याआधी श्वासाची वाट सुरक्षित करणे हे उपचाराचे पहिले तत्त्व आहे. रुग्णाला बसते ठेवतात व प्राणवायू देतात. सूज असल्यास स्टेरॉइड आणि वाफेवाटे ॲड्रिनॅलिन उपयोगी पडते. हेलियम व प्राणवायू यांचे मिश्रण साध्या हवेपेक्षा पुष्कळ विरळ असल्याने अरुंद जागेतून कमी कष्टात वाहते. ते मूळ अवरोध दूर करत नाही; पुढील उपचाराची तयारी होईपर्यंत वेळ मिळवून देते.

भूल देण्याचा निर्णय अत्यंत जोखमीचा असतो. जागेपणी रुग्ण स्वतःच्या स्नायूंच्या बळावर वाट उघडी ठेवत असतो. स्नायू शिथिल करणारे औषध देताच ती पूर्ण बंद पडू शकते. छातीच्या पुढील भागात मोठी गाठ असलेल्या रुग्णाच्या बाबतीत केवळ उताणे झोपवणेही घातक ठरू शकते. म्हणून शक्य तेवढा काळ रुग्णाचा स्वतःचा श्वास चालू ठेवतात. आत्यंतिक अवस्थेत शरीराबाहेरील यंत्राद्वारे रक्तात प्राणवायू मिसळण्याची सोय आधीच सिद्ध ठेवली जाते. ट्रॅकिओस्टॉमीचा उपयोग अवरोध छिद्राच्या वर असेल तरच होतो. खालच्या भागातील अवरोधात ती एकटी पुरेशी नसते.

ब्राँकोस्कोपीद्वारे उपचार

तीव्र अवरोधात धातूची ताठ दुर्बीण अधिक उपयुक्त असते. तिच्या पोकळीतून रुग्णाला श्वास देता देताच गाठ काढता येते, रक्तस्राव दाबून थांबवता येतो व स्टेंट बसवता येतो. लगेच वाट मोकळी करणाऱ्या पद्धतींत गाठ खरवडून काढणे, फुग्याने वाट रुंदावणे, लेझर, विद्युतदाह, आर्गॉन वायूच्या साहाय्याने जाळणे आणि गाठ गोठवून ओढून काढणे यांचा समावेश होतो. लेझर वा विद्युतदाह वापरताना श्वसनमार्गात आग लागू नये म्हणून प्राणवायूचे प्रमाण ४० टक्क्यांहून कमी ठेवतात. श्वसनीत किरणोत्सारी इरिडियम ठेवून दिलेले किरण आणि प्रकाशसंवेदी औषधाचा उपचार यांचा परिणाम सावकाश होतो. त्यामुळे धाप तीव्र असताना ते वापरत नाहीत. केवळ बाहेरून दाब असेल, तर आतून जाळण्याजोगे काही नसतेच. तेथे स्टेंट हाच मार्ग असतो.

स्टेंट

स्टेंट म्हणजे वाट उघडी ठेवणारी पोकळ नळी. ती सिलिकॉनची किंवा धातूच्या जाळीची असते. श्वासनलिका जेथे दुभागते तेथे दोन पायांच्या आकाराचा स्टेंट बसवतात. स्टेंट जागेवरून सरकणे, त्यात कफ वाळून साठणे, संसर्ग होणे आणि त्याच्या दोन्ही टोकांशी ऊतक वाढून पुन्हा अवरोध होणे हे त्याचे दोष आहेत. धातूचा स्टेंट ऊतकात रुतल्यावर काढणे कठीण असते. म्हणूनच कर्करोग नसलेल्या रुग्णांमध्ये धातूचे स्टेंट वापरण्याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ साली सावधगिरीची सूचना दिली. स्टेंट असलेल्या रुग्णाने मिठाच्या पाण्याची वाफ नियमित घेणे व धाप वाढताच रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

शस्त्रक्रिया

वणामुळे आलेला आकस किंवा मर्यादित गाठ असल्यास तेवढा भाग कापून उरलेली टोके जोडणे हा कायमस्वरूपी उपाय असतो. प्रौढ व्यक्तीत श्वासनलिकेचा जवळपास निम्मा भाग काढता येतो. टाक्यांवर ताण पडू नये म्हणून काही दिवस रुग्णाची हनुवटी छातीकडे झुकलेली ठेवतात. शस्त्रक्रियेस योग्य असलेल्या रुग्णात घाईने स्टेंट बसवल्यास निरोगी भागालाही इजा होऊन पुढील शस्त्रक्रिया अवघड होते. त्यामुळे हा निर्णय शल्यचिकित्सक, फुप्फुसतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ यांनी मिळून घेणे इष्ट असते.

कर्करोगात वाट मोकळी झाल्यावर मूळ आजारावर केमोथेरपी, किरणोपचार इत्यादी उपचार सुरू करता येतात. आजार बरा होण्याजोगा नसला, तरी गुदमरल्याची भावना दूर होणे हा रुग्णाच्या दृष्टीने मोठा दिलासा असतो.

इतिहास

१८९७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या उजव्या मुख्य श्वसनीत अडकलेले हाड ताठ नळीच्या साहाय्याने तोंडावाटे काढले. ब्राँकोस्कोपीचा आरंभ या घटनेपासून मानतात. अमेरिकेत शेव्हॅलिए जॅक्सन यांनी हे तंत्र विकसित केले. रुग्णांच्या श्वसनमार्गातून व अन्नमार्गातून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तूंचा त्यांचा संग्रह फिलाडेल्फियातील म्युटर संग्रहालयात आहे. १९३० च्या दशकात ॲल्व्हन बराक यांनी हेलियम-प्राणवायू मिश्रणाचा उपयोग सुरू केला.

१९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत ब्यर्न इब्सेन यांनी ट्रॅकिओस्टॉमी करून रुग्णांना दीर्घकाळ कृत्रिम श्वास दिला. या पद्धतीने असंख्य जीव वाचले. पण नळीमुळे श्वासनलिका आकसलेले रुग्णही दिसू लागले. १९६९ साली बोस्टनचे जोएल कूपर व हर्मिस ग्रिलो यांनी फुग्याच्या दाबाने ही इजा कशी होते हे दाखवून दिले. त्यानंतर कमी दाबाचे, मोठ्या आकाराचे फुगे प्रचारात आले. श्वासनलिकेच्या आधुनिक शस्त्रक्रियेचा पायाही ग्रिलो यांनीच घातला. १९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेदा यांनी लवचिक दुर्बीण तयार केली. मार्सेचे झाँ-फ्रांस्वा द्यूमाँ यांनी १९८० च्या दशकात लेझर उपचार रूढ केला व १९९० साली सिलिकॉनच्या स्टेंटविषयी प्रबंध प्रसिद्ध केला.

श्वासनलिकेला पर्याय निर्माण करण्याच्या प्रयत्नांना अद्याप खात्रीचे यश आलेले नाही. २०११ साली स्टॉकहोम येथे पाओलो मक्कियारिनी यांनी मूलपेशी लावलेली प्लास्टिकची श्वासनलिका रुग्णाला बसवली. तेथे अशी नळी बसवलेले तिन्ही रुग्ण पुढे दगावले. २०२३ साली स्वीडनच्या अपील न्यायालयाने या प्रकरणी मक्कियारिनी यांना दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली.

प्रतिबंध व प्रथमोपचार

व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या नळीच्या फुग्याचा दाब दाबमापकाने नियमित मोजून पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटर इतका राखणे, हा या अवरोधाचा सर्वांत सोपा व स्वस्त प्रतिबंध आहे. व्हेंटिलेटरवरून बाहेर आलेल्या रुग्णाला घरी सोडताना, पुढील काही महिन्यांत धाप लागल्यास श्वासनलिका तपासून घ्यावी, असे सांगणे हितावह असते. तंबाखू व धूम्रपान टाळणे, क्षयाचे निदान लवकर करणे आणि घटसर्पाची लस देणे हे अन्य उपाय होत. लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा बिया असलेली फळे देऊ नयेत.

घशात वस्तू अडकलेली व्यक्ती जोराने खोकू शकत असेल, तर तिला खोकू द्यावे. ती बोलू वा खोकू शकत नसल्यास तिला पुढे वाकवून पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, तळहाताने पाच थापा द्याव्यात. तरीही वस्तू न निघाल्यास मागे उभे राहून बेंबीच्या वर पोटावर आत व वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत आणि हा क्रम चालू ठेवावा. पोटावरील झटक्यांची ही पद्धत १९७४ साली हेन्री हाइमलिक यांनी मांडली. एक वर्षाखालील बालकाच्या पोटावर झटके देऊ नयेत. त्याला पालथे धरून पाठीवर थापा द्याव्यात व नंतर उताणे करून छातीवर दाब द्यावा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, कारण ती आणखी आत ढकलली जाते. व्यक्ती बेशुद्ध झाल्यास छातीवर दाब देण्यास आरंभ करून रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात यासाठी १०८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

हे सुद्धा पहा

श्वसनसंस्था
दमा
क्षयरोग
फुप्फुसाचा कर्करोग
ट्रॅकिओस्टॉमी